अपस्माराचा पेशंट आणि गाडी : तपासायचं काय, कागदावर लिहायचं काय?

मांजलपूर_जीपी

बडोद्यात जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या आम्हा एमबीबीएस डॉक्टरांपुढे फॉर्म १-अ, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्ससाठीचं डॉक्टरी प्रमाणपत्र, सहीसाठी येतो. डोळे, कान, हातपाय तपासणं सोपं आहे. अडतं ते अपस्मारापाशी, म्हणजे फीटच्या आजारापाशी. कुणी डोळे मिटून सही करतं, कुणी फीटचं नाव ऐकताच पेशंटला परत पाठवतं. दोन्ही पद्धती मला चुकीच्या वाटतात. नमुन्यादाखल तीन परिस्थिती देते.

एक : वय २७, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरी. अंगभर झटक्यांच्या दोन फीट येऊन गेल्या. लेव्हेटिरासेटाम ही फीटची गोळी ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू आहे, १४ महिने फीट नाही. अॅक्टिव्हासाठी लायसन्स हवं.

दोन : वय ४४. आठ महिन्यांपूर्वी झोपेत एकच फीट. एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) नॉर्मल, गोळ्या नाहीत. लायसन्सचं नूतनीकरण आहे.

तीन : वय ३५, हालोल ते नंदेसरी पिकअप चालवतो. अंगाला झटके येत नाहीत, पण मधेच काही सेकंद हरवतो, तोंड चघळल्यासारखं करतो. शेवटचं पाच महिन्यांपूर्वी. 'मला आधी कळतं, मी गाडी बाजूला घेतो' असं त्याचं म्हणणं.

यांची योग्यता कशी ठरवायची? ईईजी नॉर्मल आला म्हणजे पुरे का? आणि कायदा नेमकं काय मागतो?

न्यूरो_फतेहगंज

मॅडम, ईईजी नॉर्मल म्हणजे पुरे, हा समज आधी बाजूला ठेवू. निर्णयाचा सगळ्यात मोठा भाग शेवटच्या फीटच्या तारखेवर आणि ती कशी होती यावर उभा असतो. ही माहिती यंत्रातून येत नाही, ती विचारून काढावी लागते, आणि एकट्या पेशंटला विचारून चालत नाही. ज्याची शुद्ध जाते त्याला ती गेल्याचं बहुतेक वेळा आठवतच नाही. म्हणून बायको, आई, रूममेट किंवा शेजारच्या मशीनवरचा सहकारी यांपैकी कुणीतरी समोर हवं, निदान फोनवर तरी. घरात फीट, आकडी, खेंच, चक्कर, जो शब्द चालतो त्याच शब्दाने विचारा. 'फीट आली का?' याला 'नाही' म्हणणारा माणूस 'सकाळी ब्रश करताना हात उडतो का? कप हातातून सुटतो का? बोलता बोलता थांबतो का? उशीवर रक्त किंवा लाळ दिसते का? अंथरूण ओलं होतं का?' यांतल्या एखाद्याला 'हो' म्हणतो, आणि १४ महिन्यांचा हिशेब तिथेच कोसळतो. मोबाईलवर व्हिडिओ असेल तर आधी तो बघा.

त्याआधी ती फीटच होती का, हेही बघावं लागतं. उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडला, पडल्यावर दोन-चार झटके आले आणि अर्ध्या मिनिटात शुद्धीवर येऊन नीट बोलू लागला, तर ती बहुधा साधी मूर्च्छा असते. जिभेची कड चावलेली, नंतर बराच वेळ गोंधळ, अंग मोडून आल्यासारखं दुखणं, ही फीटची बाजू. शुद्ध गेलेल्या प्रत्येक माणसाचा ईसीजी काढाच. ईसीजीवरचं क्यूटी हे अंतर लांबलेलं असेल किंवा हृदयाचा ब्लॉक असेल, तर धोका कमी होत नाही, फक्त त्याचं नाव बदलतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरली होती का, तेही विचारा.

आता आकडे. युरोप आणि ब्रिटनमध्ये खासगी गाडीसाठी अपस्मार असलेल्याला साधारण १२ महिने फीटमुक्त राहावं लागतं. अमेरिकेत हा काळ राज्यागणिक बदलतो, बहुतेक ठिकाणी ३ ते १२ महिने. ब्रिटनमध्ये पहिल्याच, कारण न सापडलेल्या एकट्या फीटनंतर, तपासण्या स्वच्छ असतील तर ६ महिने. बस-ट्रक चालवायला मात्र गोळ्यांशिवाय १० वर्षं फीटमुक्त, आणि एकच फीट आली असेल तर ५ वर्षं. यामागचा हिशेब असा : पुढच्या वर्षभरात फीट येण्याची शक्यता खासगी चालकासाठी २० टक्क्यांच्या आणि व्यावसायिक चालकासाठी २ टक्क्यांच्या आत हवी. एवढा फरक का, ते साध्या गुणाकारात दिसतं. रोज तासभर गाडी चालवणारा दिवसाचा ४ टक्के वेळ चाकामागे असतो, दहा तास टँकर चालवणारा ४० टक्क्यांहून जास्त. शिवाय टँकरने होणारं नुकसान वेगळ्याच मापाचं.

तुमच्या तीन परिस्थिती घेऊ. २७ वर्षांचा तरुण वैद्यकीय दृष्टीने या मापात बसतो, पण तीन अटींवर : साक्षीदाराने १४ महिन्यांना दुजोरा दिलेला हवा, सकाळचे उडणारे हात नसावेत, गोळी चुकत नसावी. उडणारे हात असतील तर तो जुवेनाइल मायोक्लोनिक (किशोरवयात सुरू होणारा, हात उडवणारा) प्रकार असू शकतो. त्यात झोप मोडली की फीट येते आणि गोळी थांबवली की बहुतेकांना परत येते.

४४ वर्षांच्या माणसाबाबत लक्षात घ्या की एक फीट म्हणजे आपोआप अपस्मार नव्हे. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे २४ तासांहून जास्त अंतराने दोन अकारण फीट हव्यात, किंवा एक फीट आणि पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता ६० टक्के किंवा जास्त. पहिल्या अकारण फीटनंतर दोन वर्षांत दुसरी येण्याची शक्यता २१ ते ४५ टक्के सांगितली जाते, आणि त्यातला मोठा भाग पहिल्याच वर्षात असतो. ईईजीत दोष, एमआरआयत डाग, आधीची डोक्याची इजा आणि झोपेतली फीट, या चार गोष्टी ही शक्यता वाढवतात. याच्याकडे चौथी आहे. तरी आठ महिने झालेत, दोन्ही तपासण्या स्वच्छ आहेत, त्यामुळे खासगी वाहनासाठी बाजू बरी आहे. फक्त एमआरआय अपस्माराच्या प्रोटोकॉलने झाला होता का, ते बघा. घाईत काढलेल्या साध्या एमआरआयत टेम्पोरल लोबमधला (मेंदूच्या कानाजवळच्या भागातला) छोटा व्रण निसटतो. आपल्याकडे टेपवर्मच्या अळीची गाठ हे नेहमीचं कारण आहे. ती विरून गेली तर चित्र चांगलं असतं. चुन्याचा ठिपका मागे राहिला तर पुन्हा फीट येण्याचा संभव जास्त, आणि तो ठिपका एमआरआयपेक्षा सीटीवर चांगला दिसतो.

तिसऱ्याने आजपासून गाडी थांबवायची. इथे तडजोड नाही. आधी कळतं यावर विसंबता येत नाही. तीच सूचना दर वेळी येते असं नाही, आणि आली तरी ती स्वतःच फीटची सुरुवात असते, तिच्यापुढे किती सेकंद हातात आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं. ताशी ६० किलोमीटरने १० सेकंदांत गाडी सुमारे १६५ मीटर जाते. शुद्ध हरपणाऱ्या फोकल (मेंदूच्या एकाच भागातून सुरू होणाऱ्या) फीट घरच्यांना किरकोळ वाटतात, कारण पेशंट पडत नाही. चाकामागे त्या जास्त घातक ठरू शकतात, कारण पाय अॅक्सिलरेटरवर तसाच राहू शकतो.

कायदा_रावपुरा

कायद्याची बाजू मी मांडतो. मोटार वाहन कायदा १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, दोन्हींत 'अमुक महिने फीट नाही तर चालेल' अशी मुदतच नाही. इथे परदेशाचे १२ महिने सांगून आरटीओशी वाद घालता येत नाही.

फॉर्म १ म्हणजे अर्जदाराचं स्वतःचं निवेदन. त्यातला पहिलाच प्रश्न अपस्मार किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपणं, चक्कर येणं याबद्दल आहे. म्हणजे 'मला अपस्मार नाही, एकदाच बेशुद्ध झालो होतो' असं म्हणून ४४ वर्षांच्या अर्जदाराला 'नाही' लिहिता येत नाही. फॉर्मच्या तळटीपेत असंही आहे की 'हो' लिहिणाऱ्याने पूर्ण तपशील द्यावा आणि त्याच्याकडून अधिक माहिती मागवली जाऊ शकते. तेव्हा 'हो' लिहिलं की अर्ज केराच्या टोपलीत, असं कायदा म्हणत नाही. पण कलम ८(४) प्रमाणे लोकांना धोका होईल असा आजार दिसला तर आरटीओने लायसन्स नाकारायचंच असतं, आणि प्रत्यक्षात 'अपस्मार' हा शब्द दिसला की नकार मिळण्याचीच शक्यता जास्त. नकाराचा आदेश लेखी, कारणांसह मागा. कलम १७ खाली ३० दिवसांत अपील करता येतं.

फॉर्म १-अ सगळ्यांना लागत नाही. खासगी वाहनासाठी वय ४० च्या वर असेल तर लागतो, ट्रान्सपोर्ट (धंद्यासाठी माल किंवा माणसं नेणाऱ्या) वाहनाला कोणत्याही वयात. त्यामुळे २७ वर्षांच्या मुलाचा कागद मॅडमकडे येणारच नाही, तो ऑनलाइन 'नाही'वर टिचकी मारून मोकळा होऊ शकतो. म्हणूनच गाडीबद्दलचं बोलणं निदानाच्या दिवशीच व्हायला हवं, लायसन्सच्या दिवसाची वाट बघू नये.

पिकअपबद्दल एक गोष्ट डॉक्टरांना सहसा ठाऊक नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात म्हटलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कायम केलं, की साध्या एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं हलकं मालवाहू वाहनही चालवता येतं. म्हणजे खासगी कार म्हणून सही केलेल्या माणसाच्या हाती उद्या छोटा टेम्पो असू शकतो. सही करण्याआधी विचारा : कोणती गाडी, रोज किती तास, रात्री का दिवसा, पोटासाठी का घरच्यापुरती?

लायसन्स आधीच असताना फीट सुरू झाली तर कलम १६ खाली आरटीओ ते रद्द करू शकतं किंवा नवं मेडिकल मागू शकतं. आजार ठाऊक असून गाडी चालवली तर कलम १८६ चा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १,००० आणि पुन्हा केल्यास २,००० रुपयांपर्यंत आहे. रक्कम लहान वाटते. पण अपघातात कुणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू) येतं, आणि डॉक्टरांनी लेखी मनाई केली असताना गाडी काढली ही गोष्ट निष्काळजीपणा ठरवताना विरोधात जाते. फॉर्ममध्ये खोटं लिहिलेलं असेल तर विम्याचा दावाही वादात सापडतो.

आपल्या देशात पेशंटचं नाव आरटीओला कळवण्याची सक्ती डॉक्टरवर नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत, समाजाला गंभीर आणि नेमका ओळखता येईल असा धोका असेल तर गोपनीयतेला अपवाद मात्र आहे. नंदेसरीला ज्वलनशील माल नेणारा चालक समजावूनही ऐकत नसेल, तर तो अपवाद तिथे लागू पडतो असं माझं मत आहे. आधी पेशंटला लेखी सांगा, मग घरच्यांना, आणि कळवणं हा शेवटचा उपाय ठेवा.

ईईजी_कक्ष

ईईजीबद्दल थोडं. पहिल्या साध्या ईईजीत अपस्मार असलेल्या निम्म्याअधिक लोकांना काहीच सापडत नाही असं होऊ शकतं. आदल्या रात्री झोप कमी करून काढलेला, ज्यात पेशंट थोडा झोपतोही, असा ईईजी जास्त सांगतो. मागवताना चिठ्ठीवर 'झोपेसह, तीन मिनिटं जोरात श्वास, फोटिक (लुकलुकता प्रकाश)' असं स्पष्ट लिहा, नाहीतर वीस मिनिटांचा जागेपणीचा पट्टा हाती येतो. केसांना तेल नको, आदल्या दिवशी शाम्पू हवा. गोळ्या न्यूरोलॉजिस्टने सांगितल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. 'टेस्ट आहे म्हणून आज गोळी घेतली नाही' हा प्रकार फार दिसतो, आणि त्यातून खरीखुरी फीट येते.

झोप तोडलेल्या पेशंटला स्कूटर चालवत येऊ-जाऊ देऊ नका. हे अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवरच छापलेलं असावं.

रिपोर्टमध्ये सरसकट स्पाइक-वेव्ह (अपस्माराच्या टोकदार लहरी) दिसल्या, पण फीट कुणी पाहिलेली नाही, असं असेल तर त्या लहरी चालू असताना पेशंटची प्रतिक्रिया तपासली होती का, ते विचारा. तंत्रज्ञ त्याला मोठ्याने आकडे मोजायला लावतो किंवा आवाज आला की बटण दाबायला सांगतो. तीन-चार सेकंदांच्या लहरीत मोजणी अडखळली, तर घरच्यांना काही दिसत नसलं तरी रस्त्यावर तो तेवढा वेळ गैरहजर आहे. ही ओळ रिपोर्टमध्ये नसेल तर फोन करून विचारायला संकोच करू नका.

मांजलपूर_जीपी

खूप मोलाची माहिती. आणखी तीन गोष्टी विचारते. गोळ्यांचे परिणाम कसे तपासायचे? घरचे सुचवतात की कमी वेगाची बॅटरीची स्कूटर घ्यावी, तिला लायसन्सच लागत नाही, हे ठीक आहे का? आणि पत्रात शब्द नेमके कोणते घालायचे?

कारखाना_आरोग्य

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली बॅटरीगाडी नियमांत मोटार वाहन धरली जात नाही, म्हणून लायसन्स नाही. पण दोन चाकांवरचा माणूस दोन सेकंदांच्या खंडातही पडतो, आणि वाघोडिया रोडवर मागून ट्रक येत असतात. फीट ताब्यात नसताना हा पळवाटेचा सल्ला देऊ नये. कंपनीची बस, सिटी बस, सहकाऱ्याची कार या गोष्टी खऱ्या उपयोगाच्या. मागे बसून जायचं तर हेल्मेट हवंच. फीट ताब्यात नसेल तर मागे बसणंही नको.

मकरपुऱ्यातल्या त्या तरुणाला आणखी एक विचारा : कारखान्यात फोर्कलिफ्ट किंवा क्रेन चालवतो का, उंचीवर चढतो का? आरटीओचा कागद नसला तरी धोका तोच. रात्रपाळी आठवड्याआड बदलत असेल तर व्यवस्थापनाला 'ठरावीक दिवसपाळी द्यावी' असं पत्र द्या. त्यात निदान लिहायची गरज नाही, 'वैद्यकीय कारणास्तव' पुरतं. नोकरी जाईल या भीतीने माणूस फीट लपवतो, आणि लपवलेली फीट सगळ्यांत महाग पडते. तेव्हा बसून करायचं, यंत्रापासून दूरचं काम सुचवल्याशिवाय मनाईचं पत्र देऊ नका. पिकअपवाल्याच्या मालकाशीही याच भाषेत बोला : गोदाम, नोंदी, माल मोजणं.

नवरात्राचं वेगळं सांगायला हवं. नऊ रात्री गरबा उशिरापर्यंत चालतो, रात्रीची गोळी घरी राहते, वर उपवास, आणि मग मध्यरात्रीनंतर दुचाकीवर घरी. झोप मोडणं आणि डोस चुकणं ही फीटची दोन मोठी कारणं एकत्र येतात. भाद्रपद संपतानाच पेशंटला सांगा : गोळी खिशात, मोबाईलवर गजर, दुपारी झोप, परत येताना गाडी दुसऱ्याने चालवायची. उपवासात गोळी पाण्याबरोबर घेतली तर चालते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर सांगावं, नाहीतर ती टळते. आणि आपल्याकडे गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे पेशंट दारूबद्दल बोलायला कचरतो. दार लावून, एकट्याला, कागदावर काही न लिहिता विचारा. सलग पिऊन अचानक थांबवल्यावर आलेली फीट वेगळी हाताळावी लागते.

न्यूरो_फतेहगंज

गोळ्यांबद्दल. कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन घेतल्यावर तास-दोन तासांनी काहींना एकाचे दोन दिसतात, तोल जातो. सकाळची गोळी घेऊन लगेच गाडीवर बसणाऱ्याला हा प्रश्न हमखास विचारा. डोस विभागून किंवा संथ सुटणारी गोळी देऊन तो सुटतो. फेनिटॉइनची रक्तातली पातळी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी. ३०० वरून एकदम ४०० मिलिग्रॅम केलं की पातळी सरळ प्रमाणात वाढत नाही, उसळी मारते. बोटामागे नजर फिरवून डोळे थरथरतात का बघा, सरळ रेषेत टाच-पंजा लावून चालवा. दोन मिनिटांचं काम आहे. क्लोबाझाम आणि फेनोबार्बिटोनची झोप, लेव्हेटिरासेटामची चिडचिड, टोपिरामेटचा मंदपणा पेशंटपेक्षा घरचे जास्त चांगले सांगतात. सर्दी-खोकल्याची झोप आणणारी औषधं, ट्रामाडॉल, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स तुमच्याच चिठ्ठीतून जातात, तिथेही नजर ठेवा. केमिस्टने परस्पर कंपनी बदलून दिली असेल तर तेही विचारा.

टेम्पोरल लोबची शस्त्रक्रिया झालेल्याला डोळ्यांच्या तक्त्यावर ६/६ दिसतं, पण नजरेच्या वरच्या एका कोपऱ्यात आंधळा भाग राहू शकतो. त्याला फील्ड टेस्टला (नजरेचा आवाका मोजायला) पाठवा.

कुणाच्याही लक्षात न राहणारी वेळ म्हणजे गोळ्या बंद करण्याचा काळ. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन वर्षं फीटमुक्त असलेल्यांपैकी गोळ्या चालू ठेवणारे ७८ टक्के पुढची दोन वर्षं फीटमुक्त राहिले, आणि हळूहळू बंद करणारे ५९ टक्के. म्हणून डोस उतरवत असताना आणि शेवटच्या गोळीनंतर सहा महिने गाडी नको, असा ब्रिटनमधला सल्ला आहे. मी तो इथेही जसाच्या तसा देतो. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याने गोळ्या बंद करायच्या की नाही, हे याच आकड्यांवर बसून ठरवावं.

आता पत्र. 'फिट टू ड्राइव्ह' असे तीन शब्द लिहून सही करू नका. जे ठाऊक आहे ते लिहा : निदान किंवा 'एकच फीट' असं स्पष्ट, शेवटच्या फीटची तारीख, ती कुणी सांगितली, फीटचा प्रकार, गोळीचं नाव आणि डोस, ईईजी-एमआरआयच्या तारखा आणि निष्कर्ष, तपासणीत डोळे-तोल कसे होते, आणि कोणत्या प्रकारच्या वाहनाबद्दल मत आहे. अपस्मार लपवून फॉर्म १-अ वर सही करू नका. तिथे 'सोबतचे पत्र पाहावे' लिहून न्यूरोलॉजिस्टचं पत्र जोडा आणि निर्णय आरटीओवर सोडा. आदेश येईपर्यंत पेशंटने गाडी चालवायची नाही, हेही सांगा. आचारसंहितेप्रमाणे सर्टिफिकेटांची नोंदवही ठेवावी लागते. तिच्यात पेशंटची ओळखखूण, सही आणि पत्राची प्रत राहू द्या. मनाई केली असेल तर केसपेपरवर तारखेसह लिहून पेशंटची आणि सोबतच्या माणसाची सही घ्या, मजकूर त्यांना वाचता येईल अशा मराठीत किंवा गुजरातीत.

पत्राला मुदत घाला. पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी, नंतर दर वर्षी फेरतपासणी ठेवा आणि पुढची तारीख पत्रातच टाका. शेवटी एक ओळ हवी : मधे फीट आली, गोळी बदलली किंवा बंद केली, तर त्या दिवसापासून हे पत्र रद्द समजावं आणि पेशंटने गाडी थांबवून आठवड्याच्या आत दाखवायला यावं.